रिकाम्या दमणीच्या मागे

सायकल मी नागपूरला शिकले, तीही भिंतींच्या आत. मामा सेक्रेटरिएटमध्ये नोकरीला होते आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. म्हणून लहानपणीच मला गावाहून नेऊन त्यांनी इंग्रजी कॉन्व्हेंटमध्ये घातलं. तिथे एक फ्रेंच सिस्टर होत्या. त्या आम्हाला चित्रकला आणि शिवण शिकवत, आणि संध्याकाळी, ज्यांच्या घरून परवानगी असेल त्या मुलींना, सायकल.

सिस्टर झग्याचा घोळ एका बाजूला गोळा करून त्याला मोठी टाचणी लावत आणि पुढे निघत. आम्ही मागून. रस्ता एकच होता. प्रार्थनामंदिराला वळसा, मग वसतिगृह, मग स्वयंपाकघराचा धूर, मग फाटक. फाटकाशी पहारेकरी स्टुलावर बसलेला असे. आम्ही जवळ आलो की तो उगाचच उठून उभा राही, जणू आम्ही त्याला चुकवून बाहेर पळणार आहोत. तिथून पुन्हा वळायचं.

या फेऱ्या मारताना सिस्टर मागे न बघता बोलत असत. त्यांच्या इंग्रजीत र हे अक्षर घशातच अडकायचं, त्यामुळे सुरुवातीला निम्मं कळत नसे. मुलगी असताना त्या आणि त्यांची बहीण पलीकडच्या गावी पियानो शिकायला सायकलवर जात. त्यांचं गाव टेकडीवर होतं. गावातून निघाल्यावर बराच वेळ पायडल मारावंच लागत नसे, रस्ताच खाली घेऊन जाई. मग नदी, दगडी पूल, आणि पुलापासून दोन्ही बाजूंना उंच सरळ झाडांच्या रांगा. झाडांची सावली रस्त्यावर पट्ट्यापट्ट्यांची पडे आणि भरधाव गेलं की डोळ्यांसमोर उजेड-अंधार, उजेड-अंधार होई. प्रत्येक गावाच्या तोंडाशी दगडी छपराखाली धुणं धुवायचं कुंड. तिथल्या बायका सायकलवरच्या मुलींना मोठ्यानं काहीबाही म्हणत. मधल्या एका गावातल्या देवळाची एक भिंत बाकीच्या तीन भिंतींपेक्षा कितीतरी शतकं जुनी होती. त्या भिंतीला सायकली टेकवून दोघी बहिणी चेरी खात बसत. एका गावाचा शेवट झाला की पुढच्या देवळाचा कळस दिसायला लागतो, त्यामुळे वाट कुणाला विचारावी लागत नाही, असं त्या सांगत.

एकदा एका मुलीनं विचारलं, “सिस्टर, तुम्ही परत कधी जाणार?” त्या म्हणाल्या, आमच्या संघातली सिस्टर परत जात नसते. शिवणाचा तास किती वाजता, हे सांगावं तशा सुरात म्हणाल्या आणि फाटकापाशी वळल्या.

मी कधी काही विचारलं नाही. मला लोकांशी बोलायला जमत नाही. चार माणसं माझ्याकडे बघायला लागली की हातांचं काय करावं ते कळेनासं होतं. सायकलवर मात्र हात हँडलला असतात, आणि मुख्य म्हणजे चालत्या सायकलकडे कुणाला फार वेळ बघता येत नाही. बघेपर्यंत आपण पुढे गेलेलो असतो. मला सायकल आवडली ती यासाठी.

मॅट्रिक झाले त्याच वर्षी मामांची बदली जबलपूरला झाली आणि मामींनी ठरवलं की मुलगी आता आपल्या आईबापांकडे बरी. मामांनी निरोपाची म्हणून मला बायकांची सायकल घेऊन दिली. अकोल्याला गाडी बदलून मी छोट्या गाडीनं वाशीमला उतरले तेव्हा स्टेशनाबाहेर आमच्या घरची दमणी उभी होती.

दमणी म्हणजे आमच्याकडची माणसं बसायची हलकी बैलगाडी. वर बांबूच्या तट्ट्याचं गोल छप्पर, पुढे, मागे आणि बाजूंना पडदे. आमचं घर पाटलाचं. पाटलाच्या घरची बाई गावाबाहेर जायची ती दमणीत, पडदे सोडून. आमच्या बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळांचा आवाज आसपासच्या गावांना ओळखीचा होता. तो ऐकू आला की वाटेवरचे पुरुष बाजूला होत, पडद्याकडे पाठ करून उभे राहत, आणि दमणी पुढे गेल्यावरच परत रस्त्याला लागत. मी आत बसले, सायकल मागे बांधली गेली, पडदे पडले. गावाला पोचेपर्यंत सायकलचं पुढचं चाक मागच्या फटीतून तेवढं दिसत होतं, वाऱ्यानं थोडं थोडं फिरत.

आईनं सायकल पाहिली आणि म्हणाली, “आता ह्या घोड्याले दाना काय द्याचा?”

घरात आई, बाबा आणि वहिनी. दादा वाशीमला कचेरीत कारकून होता, शनिवारी यायचा. वहिनीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. हा विषय घरात कुणी काढत नसे, पण वहिनी कुठल्याही बारशाला जात नसे, आणि तिला कुणी चल असं म्हणतही नसे.

सायकल चालवायला मला घरामागचं खळं मिळालं. मळणीचं ते वाटोळं अंगण, भोवती मातीची भिंत. मळणी होऊन गेली होती. मध्ये तिवडा, म्हणजे बैल बांधायचा खांब, तेवढा उभा होता. त्याच्याभोवती मी गोल गोल फिरत असे. एकाच बाजूला सतत वळल्यानं डोकं गरगरायला लागे, मग उलट दिशेनं. दमणी हाकणारा आमचा सालदार गडी भिंतीवरून बघत बसायचा.

“ताई, खाली कनसं टाकू का?” तो म्हणायचा. “दोन बैलाईचं काम तरी वाचन.”

मी पायडल आणखी जोरात मारत असे. वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. गावात माझं नाव ‘मडम’ पडलं होतं, तेही तिनंच मला सांगितलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शिरपूरच्या मुलींच्या शाळेतल्या हेडमास्तरीणबाई आल्या. आमच्या गावाहून शिरपूर अडीच कोस. बाई अमरावतीकडच्या, उतारवयाच्या, बोलायला एकदम सरळ. मी मॅट्रिक झाले आहे हे कळल्यावर त्यांनी हातातला तिळगूळ तसाच ठेवला.

“मला जूनपासून एक शिक्षिका हवी आहे,” त्या आईला म्हणाल्या. “गेली दोन वर्षं मी एकटी चार वर्ग सांभाळते. हिला द्या.”

“रोज अडीच कोस जाईन कशी?” आई म्हणाली.

“सायकल आहे ना तिच्याकडे? मी आत्ता ओसरीत पाहिली.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “पाडव्यापर्यंत येऊन मला भेटा. वेळेवर पोचता येतं का ते तुमचं तुम्हालाच कळेल. त्यानंतर मात्र मी वाट बघणार नाही, दुसरी बघेन.”

मी मान हलवली. त्या गेल्यानंतर माझ्या लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी हवं आहे आणि ते मिळण्यासारखं आहे. रोज सकाळी एकटीनं रस्त्यावर असणं. शाळेचा मी फारसा विचारही केला नव्हता. मला तो रस्ता हवा होता.

दोन दिवसांनी बाबा जेवताना म्हणाले, “एकडाव जाऊन ये. पन रस्त्यानं कोनाच्या तोंडी घरचं नाव आलं, तं सायकल गोठ्यात टांगून देईन. मंग मले इचारू नोको.”

“अन् दमणी पुढं राहीन,” आई म्हणाली. “पडदे सोडून. घुंगरं आयकली का लोकाईले समजते, पाटलाच्या घरचं मानूस जाऊन राह्यलं. इज्जत आपल्या ठिकानी राह्यते. हे तिच्या मांगून येईन सायकलवर.”

“पन दमणीत बसन कोन?” वहिनीनं आतून विचारलं.

“कोनी नाई. दमणी जायाले पायजे, मानूस कायले?”

कुणालाच त्यात काही विचित्र वाटलं नाही. मलाही नाही. मी जाण्यातच इतकी गुंतले होते की दमणीच्या पुढे का आणि मागे का, हा विचार केलाच नाही.

फाल्गुनातल्या एका सकाळी आम्ही निघालो. पुढे रिकामी दमणी, पडदे सोडलेले, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. मागे मी. पांढरं पातळ, डोक्यावरून पदर, तो निसटू नये म्हणून मानेशी टाचणीनं पक्का केलेला. पायांत नागपूरचे काळे बूट होते, कारण चपला पायडलवरून घसरत.

गावाची वेस ओलांडली तेव्हा आपण अजून खळ्यातच आहोत असं मला वाटत होतं. मुरमाची सडक होती, दोन्ही बाजूंना कापसाच्या उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग, मधूनच पळसाला लाल फुलं. पण सायकलला चालायला वेग लागतो. बैलाच्या चालीनं सायकल उभीच राहत नाही. चार पायडल मारली की मी दमणीच्या मागच्या पडद्याला जाऊन लागे, मग ब्रेक, मग हँडल डावी-उजवीकडे डगमगे, मग पाय खाली. दमणीच्या चाकांची धूळ सगळी माझ्या तोंडात. पुढे जायची सोय नव्हती. शेवटी मी थांबायचं ठरवलं. दमणी वळणापलीकडे दिसेनाशी होऊ द्यायची, मग एकदा मनसोक्त सायकल मारायची, की पुन्हा तोच पडदा. पुन्हा थांबायचं. त्या मोकळ्या तुकड्यांत मला रस्ता दिसायचा. सिस्टरांच्या झाडांच्या रांगा इथे नव्हत्या, बाभळीची सावली कुठे कुठे जाळीसारखी पडली होती. उताराला पाय थांबवले तर चाकांचा आवाज बारीक होत गेला आणि अंगाला वारा लागला. तो उतार फार लहान होता.

समोरून माणसं येत होती. बैलबंडीवाले, बाजाराला निघालेले, एक लोहार. घुंगरं ऐकू आली की बाजूला होत, रिकाम्या पडद्याकडे पाठ करत, एखादा सालदाराला राम राम करी. मी त्यांच्या पाठीमागून जाई तोपर्यंत ते परत रस्त्याला लागलेले असत आणि मग मला बघत. पण पाटलाच्या घरची बाई पुढे पडद्यात गेली होती. मागून बूट घालून, पांढरं नेसून सायकलवर जाते ती त्या घरची कशी असेल?

मध्ये एक लहानशी वाडी लागते. तिथल्या विहिरीवर बायका पाणी ओढत होत्या. मी जरा मागे राहिले होते. दमणी विहिरीपाशी थांबलेली मला लांबूनच दिसली, आणि तिच्याभोवती बायका.

जवळ गेले तेव्हा एक म्हातारी सालदाराला विचारत होती, “कोन अडलं गा? पाटलाची सून का?”

सालदार कान खाजवत बसला.

“अबे, मुका झाला का? मांगून नर्सबाई धावून राह्यली, दमणीचे पडदे सोडलेले. समजते आमाले. कितवा मयना?”

“देवानं दिवस दाखवला बाप्पा,” दुसरी म्हणाली. “चार वर्सानं.”

तेवढ्यात एक जण घरात पळत जाऊन कसलंसं गाठोडं घेऊन आली. त्यात डिंक होता, खारका होत्या, जुन्या लुगड्याची मऊ घडी होती. अडलेली बाई वाटेवरून जात असेल तर रिकाम्या हातानं जाऊ द्यायची नाही, अशी त्या वाडीतल्या बायकांची रीत होती. म्हातारीनं गाठोडं घेतलं आणि ती दमणीच्या मागच्या पडद्याकडे आली. “पाहू दे माय, कशी हाये ते.”

तिचा हात पडद्याला लागला. आत कुणी नव्हतं. पडदा उचलला की पाटलाची रिकामी दमणी घुंगरं वाजवत कुठे निघाली आहे, आणि ही पांढरं नेसलेली कोण, हे प्रश्न त्याच विहिरीवर फुटणार होते, आणि संध्याकाळपर्यंत बाबांच्या कानावर.

मी सायकल म्हातारीच्या आणि पडद्याच्या मध्ये घातली. तिच्या हातातलं गाठोडं घेतलं, सायकल तिथेच सोडली, पडद्याची कड बोटभर उचलली आणि आत शिरले.

“नर्सबाई आत गेली. सरका, सरका,” म्हातारी म्हणाली. “हाक गा लवकर.”

सालदारानं माझी सायकल उचलून मागे बांधली आणि बैलांना दामटलं. त्या दिवसात बैल पहिल्यांदा धावले. मी आत वाकून बसले होते, मांडीवर गाठोडं. तट्ट्याच्या फटीतून रस्त्याची एक चीर दिसत होती. जी गोष्ट टिकवायची म्हणून मी आत शिरले होते ती मागे दोरीला बांधलेली खडखडत होती.

शिरपूर जवळ आलं ते मला फटीतूनच कळलं. गावाबाहेरचं काळ्या दगडाचं जुनं जैन देऊळ अर्धं दिसलं, एक कोपरा आणि कोरलेल्या खांबाचा तुकडा. त्या देवळाच्या भिंतीला सायकल टेकवून थोडा वेळ बसायचं मी ठरवलं होतं. दमणी थांबली नाही. गावात यात्रेकरूंची गर्दी होती आणि थांबलो असतो तर कुणीतरी पुन्हा विचारलं असतं.

हेडमास्तरीणबाई शाळेच्या पायरीवर उभ्या होत्या. मी दमणीतून उतरताना त्यांनी मागे बांधलेली सायकल बघितली.

“बिघडली का?”

“नाही,” मी म्हणाले.

त्यांनी मला वर्ग दाखवले. तट्ट्याच्या भिंतीनं दोन भाग केलेली एकच मोठी खोली होती. एका भागात मुली पाढे म्हणत होत्या, दुसऱ्या भागातल्या मुली पाढे म्हणणाऱ्यांना वेडावत होत्या. “हा भाग तुमचा,” बाई म्हणाल्या. “साडेसातला प्रार्थना. मला तुम्ही किती शिकल्या आहात त्याच्याशी फार कर्तव्य नाही. साडेसातला इथे पाहिजे.”

मी म्हणाले, “येईन.” इतक्या मोठ्यानं म्हणाले की दोन मुली वळून बघायला लागल्या.

परतताना मी सालदाराला म्हटलं, वाडी येईपर्यंत तरी मला सायकलवर बसू दे. तो म्हणाला, “ताई, तुमी बसान. पन नर्सबाई बाळंतिनीले सोडून सायकलवर हिंडून राह्यली असं कोनी पाह्यलं तं?” त्याला आता त्या गोष्टीत गोडी वाटू लागली होती. मी पुन्हा आत बसले.

विहिरीवर त्या बायका थांबल्याच होत्या.

“काय झालं गा?”

“सुटली,” सालदार म्हणाला.

“पोरगा का पोरगी?”

मी आतून पडद्याला बोट लावून हलवलं, त्यानं पुढे बोलू नये म्हणून. त्याला कुठलं दिसायला.

“पोरगा,” तो म्हणाला.

“अन् मंग कुठी हाये ते?”

“ठेवली तिकडंच, दवाखान्यात. आत नर्सबाई झोपली. जीव शिनला तिचा.”

वाडी मागे पडल्यावर मी विचारलं, “तू असं का सांगितलंस?”

“पोरगी म्हनलं असतं तं अजून इचारत बसल्या असत्या, ताई.”

घरी आम्ही काही बोललो नाही. बाबांनी विचारलं, “कोनी काही म्हनलं?” सालदार म्हणाला, “कोनी नाई, मालक. सारे दमणीले राम राम करत होते.” आईनं समाधानानं मान हलवली. त्या संध्याकाळी बाबा ओसरीत येऊन सायकलची घंटी एकदा वाजवून गेले. मला वाटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या चार बायका आल्या. ती म्हातारी पुढे, हातातल्या सुपात बाळंतविडा, झबलं, टोपरं. मागून आमच्या गावातल्याही दोघी-तिघी, कारण त्यांना वाटेत कळलं होतं. बाबा ओसरीत होते.

“पाटील, नातू झाला म्हनते. साखर वाटा.”

बाबा काही न समजून बघत राहिले. आई बाहेर आली. आणि त्याच वेळी वहिनी, कुणीतरी आलं आहे म्हणून, हातात जोंधळ्याचं सूप घेऊन दारात आली. नऊवारीचा काष्टा खोचलेला, कपाळाला पीठ लागलेलं.

सगळ्या तिच्याकडे बघत राहिल्या. पोटाकडे.

म्हातारीच्या हातातलं टोपरं खाली आलं. तिला काही वाईट करायचं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. “अवं माय,” एवढंच ती म्हणाली.

वहिनी आत गेली नाही. मी तिच्या जागी असते तर पळाले असते. तिनं सूप खाली ठेवलं, त्या बायकांना बसायला घोंगडं टाकलं, पाणी दिलं, आणि म्हणाली, “माहं काही नाई झालं. दमणी रिकामी होती.” मग सूप उचलून आत गेली. दिवसभर जात्याचा आवाज येत राहिला. आई एकदा तिच्याकडे गेली आणि लगेच परत आली.

संध्याकाळी बाबा जेवायला बसले तेव्हा सालदाराला ओसरीत बोलावलं होतं. त्यानं सगळं सांगितलं. सांगताना तो मध्येच हसला, मग हसायचं थांबला.

“म्हंजे सायकलवर हे होती अन् दमणीतबी हेच होती,” बाबा म्हणाले.

“व्हय, मालक.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. “सायकल टांगा,” ते म्हणाले. “नाव निंगालं.”

मला बोलायचं होतं. माझं नाव कुणीच घेतलं नव्हतं, हे मला सांगायचं होतं. सगळ्या रस्त्यानं मला एकानंही ओळखलं नव्हतं. लोक बोलले ते पडद्याबद्दल, जो तुम्हीच पाठवला होता. हे सगळं माझ्या मनात इंग्रजीत तयार झालं, आणि मराठीत आणेपर्यंत बाबांनी भात कालवला होता.

तेव्हा वहिनी स्वयंपाकघराच्या दाराआडून बोलली. सुना सासऱ्याशी बोलत नसत. ती आईशी बोलली, बाबांना ऐकू जाईल इतक्या आवाजात.

“आत्याबाई, ताईनं त्या मास्तरीनबाईले सबूद देल्ला हाये. तिले जाऊ द्या. सायकल नसन तं नसू द्या, दमणी हाये. पन एक करा. पडदे वर बांधून जाऊ द्या. आत कोन हाये ते गावाले दिसू द्या. न्हाई तं दर महिन्याले माहं नाव घेऊन लोकं टोपरं घेऊन येतीन. मले ते पुन्हा नाई पाह्याचं.”

बाबा जेवले, आचवले, आणि ओसरीवरूनच म्हणाले, “पेरनीच्या दिवसात चांगली जोडी नाई भेटाची. म्हाताऱ्या बैलाईची घ्या.”

आई पडद्यांबद्दल काहीतरी म्हणणार होती. तिनं वहिनीच्या दाराकडे बघितलं आणि ती म्हणाली नाही.

सायकल दुसऱ्या दिवशी गोठ्यात आढ्याला टांगली. सालदारानं चाकांची हवा सोडायची का असं मला विचारलं. मी म्हटलं, असू दे.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी वहिनीनं स्वतः दमणीचे पुढचे आणि एका बाजूचे पडदे गुंडाळून वर बांधले, गाठी ओढून बघितल्या. मी बसले. मला वाटलं होतं, बंद पडद्यापेक्षा हे बरं. उघड्यावर, रस्ता समोर, वारा.

पण सायकलवरून जाणं निराळं आणि म्हाताऱ्या बैलांच्या दमणीत उघडं बसून जाणं निराळं. घुंगरं वाजत होती, त्यामुळे आम्ही येण्याच्या आधीच लोक बाजूला होऊन उभे राहत. सवयीनं पाठ करत. मग पडदा वर आहे हे कुणाच्या तरी लक्षात येई आणि सगळे वळत. आणि मग बघायला त्यांना वेळच वेळ असे. बैल एक पाऊल टाकत, विचार करत, दुसरं टाकत. वावरात तिफण थांबे. तिफणीमागच्या बाया कंबरेवर हात ठेवून उभ्या राहत. “हे पाटलाची मास्तरीन,” असं मला स्पष्ट ऐकू येई, आणि ते बोलणारा माणूस पुढचा बांध येईपर्यंत माझ्या डाव्या हाताला तसाच उभा असे.

मी हातांचं काय करावं म्हणून पुस्तक उघडलं. एकही ओळ वाचली नाही. पण दर थोड्या वेळानं पान उलटत राहिले, वाचते आहे असं दिसावं म्हणून. वाडी आली तेव्हा मी मान वर केली नाही. सालदार कुणाशी तरी काहीतरी बोलला, कुणीतरी हसलं, आणि दमणी पुढे गेली. नुकताच पाऊस पडून गेला होता, चाकोऱ्यांत पाणी होतं, आणि शिरपूर यायला अजून बराच रस्ता होता. मी आणखी एक पान उलटलं.